चिप लावायची की मॅप मारायचा? गाडीची ताकद वाढवण्याचा पुरता हिशेब

ऊसतोड सुरू झाली की पंढरपूर, माढा, अकलूजकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाड्यांची रांग लागते. समोरचा रस्ता मोकळा दिसला की गिअर खाली घेऊन झटकन पुढे जायचं असतं. पण पाच माणसं बसलेली, एसी चालू असलेली जुनी स्विफ्ट डिझेल दोन हजार आरपीएमच्या खाली जागची हलत नाही. टर्बोला जोर धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरून एसटी येते. ‘गाडीला चिप लाव’ किंवा ‘मॅप मारून घे, पिकअप बदलून जाईल’ हे सल्ले मिळतात ते याच अनुभवानंतर. गरज खरी आहे. म्हणूनच त्यावर पैसे घालण्याआधी नेमकं काय विकत घेतो आहोत आणि त्याची एकूण किंमत किती, हे समजून घ्यायला हवं.

बाजारात या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायची, हजार-दोन हजारांची डबी. ‘मायलेज वाढेल, ताकद वाढेल’ असं तिच्या खोक्यावर छापलेलं असतं. अशा डब्या उघडून पाहणाऱ्यांना आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवण्यापुरतं सर्किट मिळालं आहे. गाडीच्या संगणकाला ती काहीही सांगत नाही. ती घेऊच नये, एवढं सांगून पुढे जातो.

दुसरी वस्तू म्हणजे खरा ट्यूनिंग बॉक्स. बोलीभाषेत यालाच चिप म्हणतात. इंजिनच्या एखाद्या सेन्सरची वायर काढून मध्ये हा बॉक्स जोडायचा असतो. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा डिझेलट्रॉनिक हे याचं आपल्याकडचं माहितीतलं उदाहरण, आणि जर्मनीच्या रेसचिपचे बॉक्सही भारतात विकले जातात. देशी बॉक्सला साधारण १५ ते २५ हजार रुपये पडतात, परदेशी बॉक्स २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत आणि मोठ्या गाड्यांसाठी त्याच्याही वर जातात. तिसरी वस्तू म्हणजे रिमॅप. यात बाहेरून काही लागत नाही. गाडीच्या ईसीयूमधलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातलं सॉफ्टवेअर वाचून घेतात, त्यातले आकडे बदलतात आणि ते परत भरतात. छोट्या डिझेल गाडीसाठी साधारण १८ ते ३० हजार, स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही, क्रिस्टा, फॉर्च्युनर अशा गाड्यांना ३० ते ५० हजार, आणि महागड्या जर्मन गाड्यांना ६० हजारांपासून लाखापर्यंत दर ऐकायला मिळतो. बीएस-६ गाड्यांचे अनेक ईसीयू कुलूपबंद असतात. ते बाहेर काढून, कधी उघडून, मग वाचावे लागतात. त्याचे दहा-पंधरा हजार वेगळे.

बॉक्स आणि मॅप यांत खरा फरक कुठे पडतो

आजच्या डिझेल इंजिनात एका सामायिक नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं. तिथला सेन्सर ईसीयूला दाब कळवतो. साधा ट्यूनिंग बॉक्स या दोघांच्या मध्ये बसतो आणि खरा दाब असेल त्यापेक्षा कमी आकडा पुढे पाठवतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो पंपाकडून आणखी दाब मागवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब जास्त असल्याने डिझेल जास्त पडतं आणि गाडी ओढते. चांगले बॉक्स टर्बोच्या दाबाचा सेन्सरही जोडून घेतात, त्यामुळे हवा आणि इंधन यांचा मेळ थोडा बरा राहतो.

पण यात ईसीयूला खरी परिस्थिती कळत नाही. रेलमध्ये ठरल्यापेक्षा जास्त दाब आहे, हे ज्याने ओळखून इंजिनला सांभाळायचं, त्यालाच चुकीचा आकडा मिळत असतो. पंप, इंजेक्टर आणि रेलचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह यांच्यावरचा ताण वाढतो. इंजेक्शन नेमकं कोणत्या क्षणी व्हावं, हे साध्या बॉक्सला बदलता येत नाही. जमेची बाजूही आहे. बॉक्स दहा-पंधरा मिनिटांत काढता येतो, गाडी विकताना वेगळा विकता येतो आणि मूळ सॉफ्टवेअरला हात लागत नाही.

रिमॅपमध्ये ईसीयूला काहीही खोटं सांगितलं जात नाही. पेडल किती दाबलं तर किती टॉर्क द्यायचा, टर्बोने किती दाब करायचा, इंजेक्शन कधी आणि किती वेळ, धूर होऊ नये म्हणून इंधन कुठे थांबवायचं, असे अनेक तक्ते ईसीयूमध्ये असतात. जाणकार माणूस ते सगळे एकमेकांशी जुळवून बदलतो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत ताकद २० ते २५ टक्के वाढल्याचे दावे केले जातात. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत, म्हणजे साध्या स्विफ्ट किंवा वॅगन-आरमध्ये, वाढ इतकी थोडी असते की ती कागदावरच दिसते. अशा गाडीवर या कामासाठी एक रुपयाही घालू नका.

एकाच इंजिनातून वेगवेगळी ताकद निघते याचे दाखले आपल्या राज्यातच आहेत. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनत होतं. मारुतीने तेच इंजिन डीडीआयएस नावाने वापरलं. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर द्यायचं, अर्टिगा आणि सियाझमध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या २.२ लिटर डिझेलचंही तसंच आहे. खालच्या मॉडेलला १३२ पीएस, वरच्याला १७५. ‘बघा, कंपनीनेच ताकद दाबून ठेवली आहे’ असं विकणारा सांगतो ते याच आधारावर. त्यात निम्मं सत्य आहे. मल्टिजेटच्या ९० पीएसच्या आवृत्तीला कंपनीने वेगळा टर्बो दिला होता, पाती फिरवून दाब सांभाळणारा. स्विफ्टचा टर्बो साधा होता. तुमच्या गाडीत जे सुटे भाग बसलेले आहेत, त्यांच्या जोरावर जेवढं झेपेल तेवढंच मागायचं असतं.

‘कस्टम’ म्हणजे काय, हे विचारून घ्या

सर्वांत जास्त फसवणूक या एका शब्दाभोवती होते, म्हणून इथे जरा थांबतो. गावोगावी रिमॅप करणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः मॅप लिहीत नाहीत. त्यांच्याकडे ईसीयू वाचायचं यंत्र असतं. ते तुमच्या गाडीची फाइल काढतात, इंटरनेटवरून दूरच्या कुणाला तरी पाठवतात आणि तासाभरात बदललेली फाइल येते. ती गाडीत भरली की काम संपलं. पाठवणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसते. इंजेक्टर थकलेत का, टर्बोच्या नळीला चीर आहे का, गाडी किती चालली आहे, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. अशा फाइलचा खर्च दुकानदाराला काही हजार रुपये येतो आणि तुमच्याकडून पंचवीस हजार घेतले जातात. ही तयार फाइल आहे. ती वाईटच असेल असं नाही, पण तिला कस्टमचा भाव देऊ नका.

कस्टम रिमॅपमध्ये आधी तुमची गाडी स्कॅनर लावून चालवतात. रेलचा दाब, टर्बोचा दाब, हवेचं तापमान, इंजेक्टरची दुरुस्तीची मूल्यं नोंदवली जातात. मग मॅप भरतात, पुन्हा चालवतात, नोंदी बघून आकडे सुधारतात, पुन्हा भरतात. शक्य असेल तर डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आधीचा आणि नंतरचा आलेख काढून देतात. यात अर्धा-पाऊण दिवस जातो. ज्याने अर्ध्या तासात गाडी परत दिली, त्याने कस्टम काहीही केलेलं नाही. तीन गोष्टी लेखी मागा: मूळ फाइलची प्रत, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, आणि सुधारणेसाठी किती दिवस विनामूल्य परत येता येईल. मूळ फाइल द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका.

सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. मॅप डिसेंबरात पुण्याच्या थंडीत जुळवला आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे गेला, तर काय? पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा त्रेचाळीस अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बोला तोच दाब द्यायला जास्त फिरावं लागतं, आत जाणारी हवा आणखी तापते, धुराचं प्रमाण आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. कंपनीने ईसीयूमध्ये उष्णतेनुसार ताकद आपोआप उतरवणारे तक्ते ठेवलेले असतात. काही उतावळे ट्यूनर, ग्राहकाला ‘उन्हातही पिकअप तोच’ असं दाखवायला, नेमके हेच तक्ते ढिले करतात. त्याला सरळ विचारा: तापमानाच्या मर्यादांना हात लावणार आहात का? उत्तर ‘नाही’ असंच हवं, आणि बिलावर तसं लिहून हवं. दुपारी दोन वाजता हैदराबाद रोडवर भरलेली गाडी चालवणाऱ्याला हे तक्ते टर्बो वाचवून देतात.

न छापलेला खर्च

आता पैशांचा हिशेब. वर्षाला १५ हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी घ्या. वर्षाला सुमारे ८३३ लिटर डिझेल लागतं, ९० रुपये दराने ७५ हजार रुपये. रिमॅपने डिझेल ५ टक्के कमी लागलं असं धरलं, तरी वर्षाकाठी ३,७५० रुपये वाचतात. ३० हजारांचा मॅप फिटायला आठ वर्षं लागतील. तेही उजवा पाय पूर्वीइतकाच हलका राहिला तर. वाढलेला पिकअप हाती आला की माणूस तो वापरतो, आणि मग मायलेज वाढत नाही, घटतं. त्यामुळे ‘डिझेलमध्येच पैसे वसूल’ हे वाक्य कुणी म्हटलं तर ते तिथेच सोडून द्या. रिमॅप हा हौसेचा किंवा ओव्हरटेकच्या सोयीचा खर्च आहे, तसाच तो मोजावा.

खर्चात पुढच्या गोष्टी धरा. सोलापूरहून पुण्याला जाऊन काम करायचं तर येऊन-जाऊन पाचशे किलोमीटर होतात. डिझेलचेच अडीच हजार, वर पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वरचे टोल, एक जेवण, कदाचित मुक्काम. सुधारणेसाठी पुन्हा जावं लागलं तर दुप्पट. लाखाच्या वर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट मूळ टॉर्कवर कशीबशी टिकलेली असते. टॉर्क वाढला की ती घसरू लागते. स्विफ्टसारख्या गाडीला क्लचचा संच मजुरीसह आठ-बारा हजारांत होतो, मोठ्या गाड्यांना वीस-तीस हजार आणि पुढे. इंजेक्टर आणि टर्बो गेले तर त्या एका बिलात रिमॅपचे दोन-तीन मॅप बसतील.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी गिअरबॉक्सची मर्यादा आधी शोधावी. चाकणला बनणाऱ्या टायगुन, व्हर्टस आणि कुशाकच्या १.५ लिटर टीएसआय इंजिनचा टॉर्क २५० न्यूटन मीटर आहे. त्यांना जोडलेल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन मीटरच आहे. म्हणजे कंपनीने गाडी कारखान्यातून काठावर आणून दिली आहे. त्यावर ताकद चढवली तर तो भार कुठे जाणार, हे सांगायला नको. या गाड्यांचा रिमॅप जो ‘काही होत नाही’ म्हणून विकतो, त्याला गिअरबॉक्सची हमी लेखी मागा.

वॉरंटीचा विषय तर सर्वांत महाग आहे. बॉक्स काढून ठेवला म्हणून खूण पुसली जाईलच असं नाही, आणि रिमॅपची खूण तर राहतेच. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद त्यात असते आणि फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत तर बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नावापुढे तशी नोंद कायमची पडते. इंजिन किंवा गिअरबॉक्सचा दावा मग उभा राहणं कठीण. शिवाय सर्व्हिसिंगला कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट केलं की तुमचा तीस हजारांचा मॅप पुसला जातो. गाडी सोडताना ‘विचारल्याशिवाय अपडेट करू नये’ असं जॉब कार्डवर लिहून घ्यावं लागतं.

धूर, आरटीओ आणि विमा

सॉफ्टवेअर बदललं की धूर बदलतो, हे संपूर्ण जगाने २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनने चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरंच वागणारं सॉफ्टवेअर आपल्या डिझेल गाड्यांत ठेवलं होतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या तेव्हा प्रयोगशाळेतल्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांत तफावत आढळली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. कंपनीने केलेला बदल जिथे हवा नासवू शकतो, तिथे गल्लीतल्या लॅपटॉपवरचा बदल किती नासवेल याचा विचार करा. प्रदूषण कमी करणारा ईजीआर बंद करणं किंवा बीएस-६ गाडीचा काजळी अडवणारा डीपीएफ काढून टाकणं हे रिमॅपबरोबर ‘फ्री’ दिलं जातं. ते घेऊ नका. आपण जी काजळी सोडतो ती आपल्याच मागे स्कूटरवर असलेल्या माणसाच्या छातीत जाते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर पोलीस ईसीयू तपासत नाहीत हे खरं, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक तपासू शकतो. न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. प्रवासी वाहतुकीची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर तिला वेगनियंत्रक सक्तीचा आहे. अशा गाडीवर ताकदीसाठी पैसे घालण्यात काहीच अर्थ नाही.

एक स्वस्त उपाय सगळ्यांनी करावा. काम करण्याआधी आणि केल्यानंतर पीयूसी केंद्रावर धूर मोजून घ्या. दीडशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. बीएस-४ आणि बीएस-६ डिझेल गाडीसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाडीला २.४५. आधी ०.६ असलेला आकडा मॅपनंतर १.४ झाला, तर गाडी पास होईल, पण मॅप चुकला आहे. परत घेऊन जा.

आधी गाडी, मग मॅप

पिकअप कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांना मॅपची गरजच नसते. टर्बोची नळी फाटलेली असते, इंटेकमध्ये काजळी बसलेली असते, डिझेल फिल्टर बदलायचं राहिलेलं असतं, एखादा इंजेक्टर थकलेला असतो. एअर आणि डिझेल फिल्टर, स्कॅनिंग, ईजीआर आणि इंटेकची सफाई, इंजेक्टरची तपासणी हे सगळं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे आठ-दहा हजारांत होतं. हा खर्च करून गाडी महिनाभर चालवा. माझा अंदाज आहे की निम्म्या लोकांचा रिमॅपचा विचार तिथेच मागे पडेल. आजारी इंजिनवर मॅप मारला तर आजार वाढतो आणि मग दोष कुणाचा हा वाद सुरू होतो.

काम करून घेतलंच आणि फसवणूक झाली, तर ग्राहक म्हणून हातात मार्ग आहेत, पण पक्कं बिल असेल तरच. जीएसटी क्रमांकासह बिल घ्या आणि त्यावर ‘इंजिन काम’ असं मोघम न लिहिता नेमकं काय केलं ते लिहायला लावा. पैसे रोख देऊ नका. पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. बॉक्स बंगळूरहून मागवला असो की मॅप पुण्यात मारला असो, तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

आता माझं मत. वॉरंटीतली गाडी, बीएस-६ डिझेल, पिवळी पाटी, टर्बो नसलेलं पेट्रोल किंवा सीएनजी, आणि मर्यादेवर असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांपैकी काहीही असेल, तर बॉक्सही नको आणि मॅपही नको. वॉरंटी संपलेली, निरोगी, मॅन्युअल गिअरची टर्बो डिझेल असेल, वर सांगितलेला कायद्याचा आणि विम्याचा धोका समजून घेऊनही मन मागे हटत नसेल, तर बॉक्सवर पैसे घालू नका. नोंदी दाखवणाऱ्या माणसाकडून बेताचा कस्टम मॅप घ्या, ताकदीचा शेवटचा थेंब मागू नका आणि प्रवास, क्लच धरून पन्नास हजारांची तयारी ठेवा. तेवढी तयारी नसेल तर चार हजारांत इंटेक साफ करून घ्या, नवा डिझेल फिल्टर बसवा आणि ट्रॅक्टरमागे अर्धा मिनिट थांबा.